रोज जिल्ह्याला नेणं होत नाही. खोली करून राहू का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. नाव-गाव गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा: धाकटा मुलगा २० महिन्यांचा. जन्म दोन महिने आधी झाला, वजन दीड किलो, जवळजवळ महिनाभर सरकारी दवाखान्यात काचेच्या पेटीत होता. आता 'माय', 'बा', 'दे' म्हणतो, सांगितलेलं समजतं, बहिणीला पाहून हसतो. पण बसवलं तर दोन्ही हात पुढे टेकून बसतो आणि एक हात उचलला की कलंडतो. रांगत नाही, कोपरांवर अंग ओढतो, पाय मागून लाकडासारखे ओढले जातात. उभं धरलं की पंजांवर उभा राहतो, पायांची कात्री होते. डॉक्टरांनी कागदावर 'डेव्हलपमेंटल डिले' लिहिलं आणि जिल्ह्याच्या केंद्रात रोज फिजिओथेरपीला आणायला सांगितलं. दोन गाड्या बदलून जायचं, अर्धा तास व्यायाम, त्यात लेकरू रडत राहणार आणि अख्ख्या दिवसाची मजुरी बुडणार. काही दिवस नेलं, मग सुटलं. सासू म्हणते, "काई होत नाई पोट्ट्याले, याचा बापबी दोन वर्साचा होऊन चालला." नवरा म्हणतो, "सोयाबीन निघू दे, मंग पाहू." नणंदेने चाकांचा वॉकर आणून दिला आहे. कोणी नागपूरला 'स्टेम सेलची सुई' मिळते असं सांगितलं, खर्च लाखांत. आईचा प्रश्न असा, की ६ वर्षांच्या मुलीला सासूजवळ ठेवून जिल्ह्याच्या गावी खोली करावी आणि मुलाला रोज थेरपीला न्यावं का? पत्राच्या अगदी शेवटी लिहिलं आहे, "सातव्या महिन्यापर्यंत निंदायला जात होती, त्यानेच झालं का?"

ताई,

शेवटच्या ओळीचं उत्तर आधी देते. ती ओळ मनात घेऊन पुढचं वाचलंत तर काही डोक्यात शिरायचं नाही. निंदणाला गेलात म्हणून हे झालं, असं कोणी म्हणू शकत नाही. तुमच्याच गावातल्या किती बाया सातव्या महिन्यात वावरात असतात, आणि त्यांची लेकरं भरल्या दिवसांची होतात. बाळ लवकर येण्यामागे रक्तदाब असतो, जंतुसंसर्ग असतो, गर्भपिशवीचं तोंड सैल असतं. पुष्कळदा डॉक्टरांनाही कारण सापडत नाही. पायांतल्या ताठरपणाचं मात्र बरंच कळलेलं आहे. दोन महिने आधी आलेल्या बाळाच्या मेंदूत, आतल्या पाण्याच्या पोकळ्यांच्या कडेला रक्तपुरवठा फार नाजूक असतो. जन्माच्या आगेमागे श्वास अडला, रक्तदाब खालीवर झाला, संसर्ग झाला की तीच जागा दुखावते. पायांना हुकूम नेणारे धागे तिथूनच, अगदी कडेने जातात. म्हणून अशा बाळांचं बोलणं बरं, हात बरे, पाय मात्र ताठ, असं पुष्कळदा दिसतं. तुमच्या मुलाचं वर्णन त्याच्याशी जुळतं. पण पत्रावरून निदान करायचं नसतं. त्याच्या पायांना हात लावून बालरोगतज्ज्ञाने तपासलं पाहिजे, आणि 'डिले' या मोघम शब्दाच्या पुढे जाऊन काय आहे ते लिहून दिलं पाहिजे. पुढच्या फेरीला हे मागून घ्या. 'डिले' म्हणजे उशीर, एवढंच. उशीर कशामुळे, ते त्या कागदावर कुठेच नाही.

आता सासूबाई. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मुलं उशिरा चालतात, काही घराण्यांत तर सगळीच उशिरा चालतात. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह ५ देशांतल्या निरोगी मुलांची पाहणी करून २००६ मध्ये आकडे छापले. त्यात एकट्याने चालण्याचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने एवढा लांबरुंद निघाला. शंभरातली चारेक मुलं तर हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत आणि तरी चालू लागली. त्यात तुमचा मुलगा दोन महिने आधी आलेला, म्हणून दोन वर्षांपर्यंत त्याचं वय मोजताना ते दोन महिने वजा करायचे. म्हणजे आज तो २० चा नाही, १८ महिन्यांचा. फक्त चालण्याचाच प्रश्न असता तर मीही म्हटलं असतं, अजून थोडं थांबा. पण त्याच पाहणीत आधाराशिवाय बसण्याची शेवटची हद्द सव्वानऊ महिने आहे. तो अजून हात टेकून बसतो.

नुसता उशीर आणि ताठरपणा यांतला फरक घरातच दिसतो. लंगोट बदलताना पाहा. उशिरा चालणाऱ्या लेकराचे पाय सहज फाकतात, घोटा वर-खाली सहज वळतो. ताठर पायांचं तसं नसतं. मांड्या एकमेकींना चिकटून राहतात, फाकवायला जोर लागतो, लेकरू रडू लागलं की अजून घट्ट होतात. तुमच्या सासूबाईंनी त्यांच्या मुलाला लहानपणी मालिश केली असेल. त्यांच्याच हातात नातवाचे पाय द्या आणि विचारा, त्याच्या बापाचे पाय असे होते का? त्यांच्या हाताला जे कळेल ते माझ्या दहा ओळींनी पटणार नाही.

नवऱ्याबद्दल एवढंच, की सोयाबीन निघालं की कापूस फुटतो, वेचा सरत नाही तोवर तूर उभी असते आणि हरभराही आलेला असतो. मोकळा महिना कास्तकाराच्या घरी यायचाच नाही. आणि पोटरीचा ताठर स्नायू हाडाच्या वेगाने वाढत नाही. हाड लांबत जातं, स्नायू आखूड राहतो, टाच हळूहळू वर उचलली जाते. हे एका रात्रीत होत नाही, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही, पण हंगामामागून हंगाम जाऊ द्यायचा हा विषयही नाही.

मग खोली करायची का? माझं उत्तर नाही, करू नका. का, ते जरा सविस्तर सांगते, कारण हाच प्रश्न पुसद, आर्णी, धारणी, एटापल्ली अशा कितीतरी भागांतल्या आया-बापांना पडतो.

तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेलं आहे, आणि ते तुमच्या मनात आम्ही थेरपी करणाऱ्या लोकांनीच भरवलेलं आहे. थेरपी म्हणजे केंद्रातल्या टेबलावर मॅडम लेकराचे हातपाय धरून जे करतात ते, आणि जितक्या वेळा ते होईल तितका गुण. आता हिशोब करा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास, म्हणजे अडीच तास. या वयाचं लेकरू झोप सोडून आठवड्याला ७० ते ८० तास जागं असतं. त्या अडीच तासांत कितीही चांगलं झालं, आणि बाकीचे सत्तर-पंचाहत्तर तास ते झोळीत नाहीतर कोणाच्या हातांवर आडवं राहिलं, तर शिकणार कुठून? दुसऱ्याने पाय हलवून दिल्याने मेंदू फारसं शिकत नाही. लेकराला स्वतःला काहीतरी हवं असतं, ते घ्यायला ते धडपडतं, चुकतं, पुन्हा करतं, त्यातून शिकतं. गेल्या काही वर्षांतला या विषयावरचा अभ्यासही याच बाजूला झुकला आहे: खऱ्या कामाचा, घरच्याच जागेतला, रोजचा सराव.

घरच्यांना शिकवलं तर ते करू शकतात का, ही शंका डॉक्टर लोकांना नेहमी असते. विदर्भातच त्याचं उत्तर मिळालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नव्वदीच्या दशकात गावातल्या कमी शिकलेल्या बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू इतके उतरले की १९९९ मध्ये ते जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यामागे तेच काम आहे. तिथे जीव वाचवायचा होता, इथे बसायला शिकवायचं आहे. दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड नक्कीच नाही.

तेव्हा खोली केल्याने काय मिळेल आणि काय जाईल ते पाहा. मिळेल तो रोजचा अर्धा तास. जाईल ते अंगण, आजीची मांडी, संध्याकाळी बापाच्या खांद्यावर बसणं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे बहीण. ६ वर्षांची पोर आईवेगळी राहील ते वेगळंच. तुम्ही एका खोलीत एकट्या, हाती पैसा नाही, दिवसभर तेच लेकरू आणि तीच काळजी. अशा खोल्या मी पाहिल्या आहेत. तीन-चार महिन्यांत आई आजारी पडते, सामान गुंडाळून परत जाते, आणि मग 'आम्ही सगळं करून पाहिलं' म्हणून थेरपीच कायमची सुटते. मला त्याची भीती जास्त वाटते.

काही वेळा मात्र राहणं योग्य असतं. पुढे स्नायू सैल करायचं इंजेक्शन दिलं, पायाला प्लास्टर घातलं किंवा ऑपरेशन झालं, तर त्यानंतरचे काही आठवडे केंद्राजवळ राहिलेलं बरं. किंवा आत्ताच, जिल्ह्याच्या गावी कोणी मावशी-आत्या असेल तर तिच्याकडे आठ-दहा दिवस राहून रोज जा. त्या मुक्कामात थेरपी करून घ्यायची नाही, शिकून घ्यायची. हे दोन वेगळे बेत आहेत.

केंद्र सोडू नका, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. पहिला महिना आठवड्यातून एक दिवस पक्का ठरवा, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. तिथे जाऊन सांगा, "मॅडम, रोज येणं होत नाही. या आठवड्यात घरी काय करायचं ते एकच दाखवा, आणि मी करते ते तुमच्यासमोर पाहा." दुसरं वाक्य विसरू नका. दाखवलेलं पाहणं वेगळं, आणि आपल्या हातांनी करताना हात कुठे चुकतो ते कळणं वेगळं. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, परवानगी मागून. घरी करतानाचाही व्हिडिओ काढा आणि पुढच्या वेळी दाखवा. आमच्या खात्यात 'रोज आणा' म्हणणं सोपं असतं. समोर बाकावर दहा लेकरं थांबलेली असताना एका आईला शिकवत बसणं अवघड. म्हणून मागावं लागतं. बहुतेक जण मागितल्यावर देतात.

आणि रडणं. नवीन जागा, भूक, बसमधली अर्धी झोप यांनी लेकरू रडेल, त्याला इलाज आहे: दूध पाजून, थोडं निजवून मग आत न्या, तुम्ही स्वतः सतरंजीवर त्याच्यासोबत बसा. पण पाय ताणताना ते दुखून किंचाळत असेल तर थांबवा. रडला म्हणजे मेहनत लागली, असं अजिबात नसतं. दुखलं की ताठर स्नायू अजून ताठ होतो, आणि लेकरू त्या माणसाला पाहूनच घाबरायला शिकतं.

आता त्याने शिकायचं काय? तुम्ही पत्रात पाच वेळा 'चालणे' लिहिलं आहे आणि 'बसणे' एकदा. मला उलटं हवं आहे. पाय ताठर असणाऱ्या मुलांत जी दोन वर्षांची होईपर्यंत आधाराशिवाय बसू लागतात, त्यांतली बहुतेक पुढे चालतात. कोणी सुटं, कोणी काठी-कठडा धरून. म्हणून येत्या काही महिन्यांचं काम एकच, बसणं. हात मोकळे ठेवून बसणं.

एक जुनी गोधडी घट्ट गुंडाळा आणि दोन-तीन जागी नाडीने बांधा. जाडी इतकीच ठेवा, की त्यावर बैलावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसवल्यावर त्याचे तळपाय पुरते जमिनीला टेकतील. पाय आपोआप फाकतात, कात्री सुटते. तुम्ही त्याच्या मागे बसा आणि हात काखेत न घालता कमरेला, खुब्याच्या हाडांवर ठेवा. काखेत धरलं की तोल तुम्ही सांभाळता. कमरेला धरलं की वरचं अंग त्याला सांभाळावं लागतं. समोर बहिणीला बसवा. तिच्या उजव्या हाताला चार कांदे, डाव्या हाताला टोपलं. तो एक कांदा उचलणार, अंग वळवून टोपल्यात टाकणार. हात वर गेला की धड डगमगेल. तिथेच लगेच पकडू नका. एक क्षण थांबा, त्याला स्वतःला सावरू द्या. सावरलं नाही तरच धरा. सगळा व्यायाम त्या एका क्षणात आहे. दोन कांदे टाकून कंटाळला तर सोडून द्या. पाच मिनिटं झाली तरी पुष्कळ, पण दिवसातून पाच-सहा वेळा. त्यासाठी वेगळा वेळ काढायला जाऊ नका, निघणार नाही. चुलीवर पाणी तापतंय तेव्हा, अंघोळीनंतर, कणीक भिजवून ठेवल्यावर, अशा जागा दिवसात सापडतात.

जेवताना त्याला मांडीवर आडवा घेऊ नका. दोन भिंतींच्या कोपऱ्यात पाठ लावून बसवा, समोर पाट उपडा ठेवा, त्यावर ताटली. कोपरा दोन्ही बाजूंनी आधार देतो आणि हात मोकळे राहतात. भाकरीचा मऊ तुकडा स्वतः तोंडात घालू द्या, सांडू द्या. घेताना कडेवर घ्या, तुमच्या कमरेभोवती दोन्ही पाय टाकून, जसं आपल्या बाया घेतातच. खुब्यासाठी याहून चांगली तऱ्हा आम्हालाही माहीत नाही. वावरात झाडाखाली झोळी बांधता, ती झोपेपुरती. जागा असला की सतरंजीवर पोटावर ठेवा आणि आवडतं काहीतरी हातभर लांब. झोळीत अंग दुमडून राहतं, हलायला वावच नसतो. उभं करण्याचा सराव मात्र पत्रावरून सांगत नाही. गुडघा कुठे धरायचा, टाच टेकते की नाही, हे समोर बसूनच शिकायचं.

मुलीचं एक सांगायचं राहिलं. भाऊ तिच्यासाठी जेवढा धडपडेल तेवढा तुमच्यासाठीही नाही आणि माझ्यासाठी तर नाहीच. तिला खेळू द्या. पण तिच्यावर 'भावाचे व्यायाम घे' अशी ड्यूटी लावू नका. ती ६ वर्षांची आहे.

वॉकर परत करा, नाहीतर माळ्यावर टाका. त्यात लेकरू मधोमध लटकतं आणि पंजांनी जमीन ढकलतं. तुमचा आधीच पंजांवर उभा राहतो, ती सवय अजून पक्की होईल. शिवाय ओट्यावरून, पायरीवरून पडून डोकं फुटण्याचे प्रकार निरोगी मुलांतही होतात. कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. नणंदेला वाईट वाटत असेल तर सांगा, पुढे पांगुळगाडा करून दे. लाकडी, मागून धरून ढकलायचा, आपल्या आजोबांच्या काळातला. तो धरून उभा राहू लागला की त्याचा खरंच उपयोग होईल; सुताराकडून थोडा जड करून घ्या, म्हणजे पुढे पळणार नाही.

सासूबाईंची मालिश बंद करू नका. जवसाचं तेल असो की तिळाचं, त्यातून लेकराला बरं वाटतं, अंग सैलावतं. त्याने पाय सुधारतील ही अपेक्षा मात्र ठेवू नका. सांधे कडकड वाजवणं, पाय धरून उलटं लोंबकळवणं, नाका-कानात तेल सोडणं, पायाला चटके देणं, हे काही करायचं नाही. मालिश झाली की लगेच त्याला गोधडीवर बसवा, तेव्हा पाय सगळ्यात मऊ असतात. आणि ते काम सासूबाईंनाच द्या. ज्या घरात आजी या कामात उतरते तिथे सहसा काम टिकतं.

नागपूरच्या सुईबद्दल थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे ठरावीक आजार सोडले तर स्टेम सेल हा सिद्ध झालेला उपचार नाही; बाकी आजारांसाठी तो रीतसर नोंदलेल्या संशोधनातच देता येतो, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी तुमच्याकडून लाख रुपये मागतोय, यातच उत्तर आलं. वावर गहाण टाकू नका. ताठर स्नायू सैल करणारी दुसरी इंजेक्शनं असतात, त्यांचा काही मुलांना खरा उपयोग होतो. ती वेगळी गोष्ट, आणि त्याचा निर्णय तपासणीनंतर.

खर्चाचं पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे, आणि त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. पुढची तारीख सेविकेला विचारा आणि पथकाकडून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी घ्या. तिथली तपासणी आणि थेरपी मोफत असते. निदानाला दुसरं मत हवं असेल तर यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, वर्ध्याकडे सोय असेल तर सेवाग्राम किंवा सावंगी मेघे. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. काळीपिवळीऐवजी एसटीच्या वेळेला दवाखान्याची वेळ जुळवता आली तर बघा. निदानात 'सेरेब्रल पाल्सी' असं आलं तर घाबरू नका, तो मेंदूला एकदा झालेल्या इजेचा परिणाम असतो, ती इजा पुढे वाढत जात नाही. तेव्हा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढा. त्यावर राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना मिळते, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत, आणि त्यात थेरपीचा खर्चही धरतात. कार्ड काढलं म्हणजे पोरावर शिक्का बसला असं घरचे म्हणतील. शिक्का बसत नाही. पुढे बरा झाला तर कार्ड पेटीत पडून राहील.

डॉक्टरांना तीन गोष्टी मुद्दाम विचारा: खुब्याचा एक्स-रे लागेल का (ताठर मांड्यांमुळे खुबा हळूहळू जागेवरून सरकू शकतो, आणि सुरुवातीला दुखत नाही म्हणून कळत नाही), डोळे तपासले का, आणि कान तपासले का. महिनाभर पेटीत राहिलेल्या बाळाचं हे तिन्ही व्हायला हवं.

हे वाचणाऱ्या इतर आयांसाठीही चार ओळी. चार महिने झाले तरी मान धरत नाही, मुठी मिटलेल्याच राहतात, वर्षाच्या आत एकच हात वापरतो, नऊ महिने उलटले तरी बसत नाही, दीड वर्षाला चालत नाही, यातलं काहीही असेल तर दाखवून घ्या. बाळ ताठर नसून अगदी ढिलं, कापडासारखं असेल तर थेरपीच्या आधी रक्ततपासणी हवी. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता असेल तर ती औषधाने भरून निघते, व्यायामाने नाही. आणि येत होतं ते जाऊ लागलं, झटके आले, किंवा दूध गिळताना दर वेळी ठसका लागू लागला, तर अंगणवाडीच्या पथकाची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी निघायचं.

ताई, तपासणीत पायाला स्प्लिंट, म्हणजे पाऊल नीट धरून ठेवणारा साचा, सुचवला तर तो मापाचाच करून घ्या, दुसऱ्या मुलाचा जुना आणून घालू नका. आत सुती मोजा हवा, सुरकुती न पडता. सुरुवातीला तास-दोन तास, मग वाढवत न्या. काढल्यावर कातडीवर लाल खूण दिसेल. ती अर्ध्या तासात गेली तर ठीक, राहिली तर तो घालणं थांबवून दुरुस्तीला परत न्या. बूट त्या स्प्लिंटवरून घालून पाहूनच घ्या, नेहमीपेक्षा एक-दोन नंबर मोठा लागतो.